तैलरंगातली बैलजोडी: जनावरे चिकटवल्यासारखी का दिसतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तैलरंगात निसर्गचित्रे तुम्हाला बऱ्यापैकी जमतात. पण कुळव धरलेला शेतकरी, पुढे खिलार बैलजोडी आणि बांधावरून न्याहारी घेऊन येणारी बाई असे चित्र करायला घेतले की माणसे आणि बैल कात्रीने कापून चिकटवल्यासारखे दिसतात. त्यावर तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात: आधी बैलाची ॲनाटॉमी शिकावी का, फोटोवरून काम केले तर चालते का, आणि रंग कोणते घ्यावेत.

तिन्हींची उत्तरे देतो, पण तुमची अडचण या तिन्हींत नाही. सोबत जोडलेले चित्र पाहिले. बैलांचे ड्रॉइंग वाईट नाही. शिंगांचा मागे गेलेला बाक खिलारचाच आहे, वशिंड जागेवर आहे, गळ्याखालची पोळीही आहे. निसर्गचित्र म्हणून मागचे शेत तर छानच आहे. बिघडलेय ते या दोघांचे नाते. शेत एका उजेडात आहे आणि बैल दुसऱ्याच. ॲनाटॉमीची पुस्तके कितीही वाचली तरी हे दुरुस्त होणार नाही, कारण अगदी अचूक काढलेला बैलसुद्धा चुकीच्या टोनमध्ये (टोन म्हणजे रंग किती उजळ किंवा किती गडद आहे ते) रंगवला तर चिकटवलेलाच दिसतो.

आधी सवयीबद्दल बोलू. आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात. त्यातल्या स्मरणचित्राने एक खोड लावली आहे: प्रत्येक गोष्ट पूर्ण दिसली पाहिजे, ती सहज ओळखू येईल अशा बाजूने काढायची आणि एकीने दुसरीला झाकायचे नाही. बैल आडवे, माणूस आडवा, बाई आडवी, मध्ये मोकळी जागा. परीक्षेच्या कागदावर ते शोभते. कॅनव्हासवर मात्र पाच सुट्या आकृत्या रांगेत उभ्या राहतात. तुमच्या चित्रातही पलीकडचा बैल अलीकडच्यापासून चांगला हातभर लांब आहे, का तर त्याचे चारही पाय दिसावेत. प्रत्यक्षात जू एकच असते. जोडी बाजूने पाहिली तर पलीकडच्याचे तोंड, शिंगे, पाठीची थोडी रेघ आणि पायांचा गुंता एवढेच दिसते. त्याचे आठ आणे झाकून टाका. जोडी, कुळव आणि शेतकरी मिळून एकच आडवा आकार झाला पाहिजे, ज्याची बाहेरची कड बोटाने एका दमात फिरवता येईल. बाई हवी असेल तर तीही त्या आकाराला कुठेतरी टेकू द्या, नाहीतर इतकी लांब आणि लहान करा की ती शेताचाच भाग होईल. कुत्रा, झोपडी आणि नारळाचे झाड काढून टाका. (कुळवणीच्या काळ्या रानात नारळ कुठून आला हे मी विचारत नाही.)

आता मुख्य मुद्दा, टोनचा. यावर जरा जास्त वेळ घालवतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

खिलार बैल पांढरा, माती काळी, शेतकऱ्याचा रंग उन्हाने रापलेला. ही माहिती डोक्यात असते आणि हात तीच रंगवतो. म्हणून तुमच्या बैलाची सावलीची बाजूसुद्धा पांढरीच राहिली, फक्त किंचित करडी झाली. एकदा सकाळी नऊ-दहाच्या उन्हात रानात उभे राहून, डोळे बारीक करून नीट बघा. बैलाच्या पाठीवर, वशिंडाच्या माथ्यावर आणि पुठ्ठ्यावर ऊन लखलखत असते. पण पोटाकडची, सावलीतली बाजू इतकी खाली उतरलेली असते की तिचा टोन शेजारच्या उन्हातल्या कोरड्या काळ्या मातीच्या आसपास जातो. शेतकऱ्याच्या उघड्या पाठीवर ऊन असेल तर तिचा टोनही जवळपास तिथेच पोचतो. पांढरा बैल, काळी माती आणि सावळा माणूस हे तिघे एका ठिकाणी एकाच टोनवर भेटतात. हे पहिल्यांदा दिसते तेव्हा खरे वाटत नाही. खात्री करायची तर एका जाड कार्डाला पेन्सिल जाईल एवढे छिद्र पाडा, हात लांब करून त्यातून आधी पोट आणि मग माती बघा. छिद्रातून नुसता रंग दिसतो, बैल दिसत नाही, त्यामुळे डोकं मध्ये लुडबुड करत नाही.

टोन सारखा असेल तर मग हे वेगळे कसे दिसतात? ऊब आणि थंडाव्याने. सावलीतली बैलाची बरगडी थंड असते, उन्हातली माती उबदार असते. तैलरंगात जनावर जमिनीत बसते ते याच जागी, जिथे दोन्हींचा टोन मिळतो आणि कड विरघळते. तिथे कड ठसठशीत काढली की बैल पुन्हा कागदी झाला.

सावलीतही एकच रंग पुरत नाही. वर तोंड असलेला भाग आकाशाचा निळसरपणा घेतो, खाली वळलेला भाग जमिनीकडून परत आलेला उजेड घेतो. म्हणून बरगडीच्या वरच्या भागात टायटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन आणि त्याचा भडक निळेपणा मारायला चिमूटभर बर्न्ट सिएना. पोटाकडे उतरताना अल्ट्रामरीन कमी करत यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना वाढवत न्या. पोटाची अगदी खालची पट्टी कधी कधी चक्क मधासारखी दिसते, विशेषतः ऊन वर चढल्यावर. तरीही ती सावलीच आहे हे विसरू नका. परावर्तित उजेड पाहून हुरळून जाऊन तो उन्हाइतका उजळ केला की घडण मोडते. उन्हातल्या बाजूला पांढऱ्यात थोडा ऑकर आणि नखभर कॅडमियम रेड लाइट. ट्यूबमधला निव्वळ पांढरा दोन-तीन ठिकाणांसाठी राखून ठेवा: वशिंडाचा माथा, पाठीच्या कण्याचा एखादा तुकडा, फार तर शिंगाच्या बुडाजवळचा एक ठिपका. शेतकऱ्याचा फेटा आणि धोतरही पांढरे असेल तर ते बैलाच्या उजेडाला जोडून घ्या. मग उजेडाचा एक सलग पट्टा तयार होतो आणि नजर माणसाकडून बैलाकडे आपोआप सरकते.

काळ्या मातीसाठी काळा रंग पॅलेटवर घेऊच नका. बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, पांढरा आणि ऑकर यांतून उन्हातली माती होते. नुकत्याच कुळवलेल्या पट्ट्यात ओल असते, तो पट्टा बराच गडद घ्या. कोरड्या आणि ओल्या मातीतला हा फरक चित्रात फार उपयोगी पडतो. काम कुठपर्यंत झालेय हे त्यातून कळते आणि बैलांच्या पायांखाली हवा तेवढा गडदपणा फुकटात मिळतो.

पायांवरून आठवले. तुमच्या बैलांचे खूर फार स्वच्छ आहेत. भुसभुशीत रानात खूर दिसत नाही, तो रुततो. पाय आणि माती एकाच बैठकीत, दोन्ही रंग ओले असताना रंगवा आणि मातीचा ब्रश शेवटी खुरांवरून आडवा ओढून घ्या. त्या एका फटकाऱ्याने जनावराचे वजन जमिनीवर येते. माणसाच्या पावलांचेही तसेच. आणि प्रत्येकाची पडछाया त्याच्या पायाला चिकटूनच सुरू झाली पाहिजे. पायाजवळ तिची कड जरा कडक असते, लांब जाईल तशी मऊ होते. सगळ्यांच्या पडछाया एकाच दिशेला जातात हे सांगायला नको, पण तुमच्या चित्रात बाईची सावली वेगळ्या दिशेला गेली आहे. वेगवेगळे फोटो जोडले की हे हमखास होते.

ॲनाटॉमीकडे येतो. कामापुरती हवी, पण ती थोडी आहे. बैलाच्या पुढच्या पायात मध्यावर जो गुडघा वाटतो ते खरे तर मनगट आहे; कोपर वर, छातीला लागून आहे. मागच्या पायात उलट्या वाकलेल्या गुडघ्यासारखी दिसते ती टाच, आणि खरा गुडघा पोटाच्या कडेशी कातडीत दडलेला. एवढे डोक्यात बसले की निम्म्या चुका जातात. चाल लक्षात ठेवायची तर क्रम असा: मागचा डावा, मग पुढचा डावा, मग मागचा उजवा, मग पुढचा उजवा. म्हणजे चालताना एका बाजूचा मागचा पाय पुढच्या पायाच्या जवळ येऊन पडतो आणि तो पडायच्या सुमारास पुढचा उचलला जातो. ओढताना मात्र पवित्रा बदलतो. मान खाली जाते, सगळे अंग पुढे झुकते, मागचे पाय जास्त मागे रेटले जातात. तुमचे बैल कुळवाला जुंपलेले आहेत आणि उभे आहेत मिरवणुकीत उभे राहावे तसे. आणखी एक: जू वशिंडावर बसत नाही. ते वशिंडाच्या पुढे मानेवर असते, दोन्ही बाजूंनी शिवळा (जुवातल्या उभ्या खुंट्या) आणि खालून जोताचा पट्टा. शेतकरी वाचक चित्रात सगळ्यात आधी हेच बघतो. रुमण्यावरचा (कुळवाच्या मुठीवरचा) हात, कासरा कुठून कुठे गेलाय, माणूस कुळवावर उभा आहे की मागून चालतोय, हे जुळले नाही तर बाकी रंगकाम कितीही सुरेख असो, गावाकडचा माणूस हसतो.

मापांसाठी एकच नियम वापरा, क्षितिजरेषेचा. सपाट रानात तुम्ही उभे आहात, तुमची नजर शेतकऱ्याच्या कपाळाच्या उंचीवर आहे, तर क्षितिजरेषा त्याच्या कपाळातून जाईल. त्याच उंचीचा दुसरा माणूस शंभर फूट मागे उभा असला तरी रेषा त्याच्याही कपाळातूनच जाणार. फक्त पाय वर सरकतील. बैलाची पाठ जवळच्या माणसाच्या छातीला लागत असेल तर लांबच्या जोडीचेही तेच प्रमाण. तुमच्या चित्रात क्षितिज शेतकऱ्याच्या डोक्यावर बरेच वर आहे, म्हणजे पाहणारा बांधावर किंवा मचाणावर उभा आहे. तसे असायला हरकत नाही, पण मग बैलांची पाठ वरून दिसायला हवी आणि ती तुम्ही सरळ बाजूने, डोळ्यांच्या पातळीवरून काढली आहे. चिकटवल्यासारखे दिसण्याचे हेही एक कारण.

फोटोबद्दल. चालतो, मीही वापरतो. पण फोनचा फोटो दोन ठिकाणी फसवतो. जवळून काढला तर बैलाचे तोंड फुगते आणि मागचा भाग आखडतो, म्हणून वीस-पंचवीस फूट मागे जाऊन झूम करून घ्या आणि फोन डोळ्यांच्या उंचीवर धरा. दुसरी फसवणूक जास्त वाईट. आजचे फोन सावल्या आपणहून उजळून देतात. म्हणजे वर ज्या टोनबद्दल एवढे सांगितले, नेमका तोच फोटोत पुसला जातो. तुमच्या बैलांची सावली फिकी राहण्यामागे मला ही शंका आहे. फोटो आकारासाठी आणि जू-दोरखंडासारख्या तपशिलासाठी ठेवा, टोन मात्र रानात बसून वहीत लिहून घ्या. शब्दांत लिहिले तरी चालते: ‘पोट = उन्हातली माती’, ‘फेटा आकाशापेक्षा उजळ’, ‘पायाखालचा गडद सगळ्यात खाली’. अशा चार ओळी वीस फोटोंपेक्षा उपयोगी पडतात.

स्केचसाठी जनावर स्थिर कुठे मिळेल? दुपारी रवंथ करत बसलेला बैल बराच वेळ हलत नाही, सुरुवात तिथून करा. आमच्या कोल्हापूर-सांगलीकडे हंगामात साखर कारखान्याच्या आवारात ऊस घेऊन आलेल्या बैलगाड्यांची रांग असते आणि सोडलेले बैल शेजारी बांधलेले असतात. तुम्हाला पाहिजे त्या बाजूने, पाहिजे तितके बैल. पुसेगावची यात्रा किंवा नांदेडकडची माळेगावची यात्रा जवळ असेल तर सोडू नका. बेंदूर-पोळ्याला जरूर जा, पण रंगवलेली शिंगे आणि झुली पाहून भुलू नका. पहिल्या चित्रात तो साज अंगाची घडण झाकून टाकतो. तुम्ही विदर्भात किंवा मराठवाड्यात असाल तर खिलारच रंगवायचा हट्ट कशाला? गवळाऊ आहे, देवणी आहे, तांबडा लाल कंधारी आहे. कंधारीच्या सावलीचे गणित खिलारपेक्षा सोपे पडते असा माझा अनुभव आहे, कारण तिथे पांढऱ्याचा मोह नसतो.

पाहण्यासाठी दोन चित्रे सुचवतो, दोन्ही पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहेत आणि मोठ्या आकारात पाहायला मिळतात. रोझा बोन्हर या चित्रकर्तीचे 1849 मधले फ्रान्समधल्या निव्हर्ने भागातल्या नांगरणीचे चित्र आणि स्पॅनिश चित्रकार होआकिन सोरोया याचे 1894 मधले, बैल समुद्रातून मासेमारीची होडी ओढून आणतात ते. बोन्हरने जनावरांचा अभ्यास कत्तलखान्यांत जाऊन केला होता, आणि तिच्या चित्रात माणसे बैलांआड जवळजवळ लपलेली आहेत. नायक बैल आहेत हे तिने आधीच ठरवलेले दिसते. तुमच्या चित्रात शेतकरी, बैल आणि बाई तिघेही नायक व्हायला बघतात. एक ठरवा. सोरोयाच्या चित्रात बैलांच्या ओल्या अंगावरचा उजेड आणि पाण्याचा उजेड कुठे एकमेकांत मिसळलाय तेवढेच शोधत बसा. त्यातला एक हातभर तुकडा कॉपी करा, अख्खे चित्र नको. आणि कोल्हापूरला आलात तर टाउन हॉल संग्रहालयातली कोल्हापूरचे जुने चित्रकार आबालाल रहिमान यांची कामे बघा. आपल्याकडचा उजेड रंगवायला परदेशी उसना घ्यावा लागत नाही हे तिथे कळते.

इथवरचे थोडक्यात: आकृत्या एकमेकींत गुंतवून एक आकार करा, सावलीतला पांढरा हिमतीने खाली उतरवा, पाय मातीत ओल्यात ओले रंगवा, क्षितिजरेषेवर मापे तपासा. यातले किती लवकर जमेल ते तुमच्या ड्रॉइंगवर अवलंबून आहे. समोरच्या माणसाचे वीस मिनिटांत प्रमाणबद्ध स्केच होत असेल तर थेट चित्राला लागा. होत नसेल तर काही महिने घरच्यांना आणि दारच्या जनावरांना पकडा, तोवर कॅनव्हास गुंडाळून ठेवा. गावी वर्षातून दोनदाच जाणे होत असेल तर विषय लहान घ्या, एक बैल आणि एक माणूस.

प्रत्यक्ष कामाची माझी पद्धत सांगतो, दुसऱ्या कोणाची वेगळी असेल. आधी पोस्टकार्डाएवढी तीन-चार स्केचेस, कोळशाने, फक्त तीन टोनमध्ये. जोडी आणि माणूस वेगळ्या बटर पेपरवर काढून शेताच्या ड्रॉइंगवर सरकवून बघायचे; इंचभर सरकवल्याने कंपोझिशन कसे बदलते ते पाहून आश्चर्य वाटेल. मग साधारण 18 × 24 इंचाच्या कॅनव्हासवर बर्न्ट अंबरचा टर्पेन्टाइनमध्ये पातळ केलेला हात मारून, तो ओला असतानाच उजेडाच्या जागा चिंधीने पुसून काढायच्या आणि गडद जागा भरायच्या. हे तपकिरी चित्र खोलीच्या दुसऱ्या टोकाहून ओळखू येत असेल तरच रंगाला हात लावायचा. खालचे थर टर्पेन्टाइनने पातळ, वरचे जवसाच्या तेलाने जास्त तेलकट. उलटे केले तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि पुढे भेगा पडतात. अंबर लवकर वाळतो, म्हणून तळाला तो चांगला.

रंग वर आलेच आहेत: टायटॅनियम व्हाइट, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर, अल्ट्रामरीन, कॅडमियम रेड लाइट. सहा ट्यूबा पुरतात. आपल्याकडच्या कंपन्यांचे आर्टिस्ट दर्जाचे रंग शिकण्यासाठी व्यवस्थित चालतात. पैसे वाचवायचे असतील तर इतर रंगांत वाचवा, पांढऱ्यात नको, कारण या विषयात तोच सगळ्यात जास्त लागतो. ब्रश हॉगचे (डुकराच्या राठ केसांचे), चपटे आणि फिलबर्ट (चपटे पण टोकाला गोलसर), तुम्हाला वाटतात त्यापेक्षा एक नंबर मोठे. खिडकी उघडी ठेवा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या वाळताना तापतात आणि आपोआप पेटू शकतात. पसरून बाहेर वाळत घाला आणि मग फेका. कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात वाळायला खूप वेळ लागतो, तेव्हा जाड थर टाळा. व्हार्निशची घाई नको, निदान सहा महिने जाऊ द्या.

सध्याच्या चित्रावर दुरुस्ती करत बसू नका, नवीन घ्या. त्याची कोळशाची स्केचेस आणि तपकिरी अवस्थेतला फोटो रंग चढवायच्या आधी दाखवलात तर जास्त उपयोगाचे काही सांगता येईल.